घेतलं म्हणेपर्यंत

शबानाभाभींचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला बँकेत काउंटरवर होते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अक्का माझ्यासमोर बसल्यात. तू अमळनेरला येईपर्यंत मी हलत नाही." आणि मग त्यांना रडू फुटलं... "नाना गेले गं." नानांनी शेजारणीलासुद्धा इतकं पक्कं तयार केलं होतं.

नाना माझे थोरले काका. उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात. माझे काका विमान उडवतात, असं मी शाळेत सांगत सुटले होते. सुट्टीत आल्यावर नानांनी माझा तोरा उतरवला. ते बसायचे जमिनीवर, बिनखिडकीच्या खोलीत, रडारच्या पडद्यापुढे. आकाशाचे वाटे पाडलेले असायचे, एकेका केंद्राकडे एकेक. खोलीत कुणी नुसतं बघायचं, कुणी वैमानिकाशी बोलायचं, कुणी शेजारच्या केंद्राचा फोन धरून बसायचं. सगळं चित्र समोर ठेवून निर्णय मात्र एकाच अधिकाऱ्याने घ्यायचा. विमान पुढच्याच्या वाट्यात निघालं, की तिकडून 'घेतलं' असं ऐकू येईपर्यंत नजर हलवायची नाही.

"आणि एखादं केंद्रच बंद पडलं तर?" मी विचारलं होतं.

"त्याचं आकाश कोणी घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. ऐन वेळी विचारत बसायचं नाही."

निवृत्तीनंतर हे सगळं घरात आलं. एसटीच्या खिडकीतून पिशवी देतानाही 'घेतलं' म्हटल्याशिवाय नाना हात सोडायचे नाहीत. आम्ही फार टिंगल केली. मग अक्कांचं, म्हणजे काकूंचं, विसरणं सुरू झालं. एकदा त्या फाटक उघडून थेट स्टेशनापर्यंत गेल्या आणि आमची टिंगल थांबली. नाना फाटकासमोर खुर्ची टाकून बसू लागले. नानांना बाहेर जायचं असलं की भाभी शिलाई मशीन सोडून यायच्या, रविवारी मी. जाणाऱ्याने म्हणायचं, "अक्का तुझ्याकडे." येणाऱ्याने म्हणायचं, "घेतलं."

त्यांना मूलबाळ नव्हतं. गेल्या दिवाळीत नानांनी मला समोर बसवलं. "मी बंद पडलो तर?" मी म्हटलं, "घेतलं, नाना."

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटल्यावर, नातेवाईक समजावू लागले. तू नोकरीवाली, एकटी. आता चांगले वृद्धाश्रम निघालेत... मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "हे आधीच ठरलंय," म्हटलं. अमळनेरला बदली मागितली आहे. मिळेपर्यंत रोज ये-जा करते, दिवसा भाभी सांभाळतात.

फाटकासमोर नानांची खुर्ची अजून तशीच आहे. संध्याकाळी मी तिच्यात बसते. काल भाभी निघताना म्हणाल्या, "अक्का तुझ्याकडे."

"घेतलं."

अक्का ऐकत होत्या. माझ्याकडे, खुर्चीकडे बघत अहिराणीत म्हणाल्या, "आनि तुना नाना? त्या कोनाकडे शेतस?"

मी त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं. "नानाही माझ्याकडे, अक्का."

त्या बघतच राहिल्या.

"घेतलं," मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी नजर हलवली.