कासव जेवत नाही म्हणून सुनेची बॅग भरली

गेल्या रविवारी लातूरला चुलतभावाकडे गेले होते. दारातच नव्या सुनेची बॅग भरून ठेवलेली दिसली... अश्विनी तिचं नाव, लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता.

"कुठं निघालीस गं?" विचारलं तर पोरीच्या डोळ्यांत पाणीच. उत्तर तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या वहिनींनी दिलं. "वन्सं, ही आली तसं आपल्या कासवानं तोंडात घास घेतला न्हाई. पंधरा दिवस मुदखेडला माहेरी राहून येऊ दे. बघू तरी, पायगुणाचं काय हाय ते."

चपला काढायच्या आधीच माझं डोकं फिरलं!

मला कासवांचं कुणी शिकवलेलं नाही. मुलगा नोकरीला जाताना त्याची दोन कासवं माझ्या गळ्यात घालून गेला, त्याला बारा वर्षं झाली... चुका करत करतच शिकले. म्हटलं, आधी कासव दाखवा, सुनेचं मग बोलू.

हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, भाजीच्या पातेल्याएवढ्या काचेच्या वाडग्यात तो जीव बसवलेला. पाठीवर हळदकुंकू. चढून बसायला एक दगड नाही, उन्हाचा कवडसा नाही. पाण्यात बोट घातलं... इतकं गार, की माठातलं बरं!

विचारता विचारता कळलं, आधी ते अंगणातल्या टबात असायचं, दगडावर पाय पसरून ऊन खात. लग्नाच्या तोंडावर कुणीतरी वास्तूचं डोक्यात भरवलं आणि ते आत आलं. म्हणजे ज्या आठवड्यात सून घरात आली, त्याच आठवड्यात कासवाचं ऊन गेलं... तेही ऐन थंडीत!

अहो, कासवाच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते. ऊन मिळालं तर अंग तापतं, अंग तापलं तर खाल्लेलं पचतं. गारठ्यात ते खाणं सोडतं, आपल्यापेक्षा शहाणं आहे ते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही पुरत नाही, कवच मऊ पडतं. नशीब, याचे डोळे सुजले नव्हते की नाकातून बुडबुडे नव्हते... नाहीतर तडक डॉक्टरकडेच न्यावं लागलं असतं.

"घराबाहेर काढूनच बघायचं असेल तर कासवाला काढा की, पोरीला कशाला?" भावाला मी चांगलंच फैलावर घेतलं. तो मान खाली घालून टब शोधायला गेला.

बॅग परत आत गेली, मीही चार दिवस तिथंच राहिले; पण पुढचं सगळं अश्विनीनं केलं. मऊ ब्रशनं कुंकू धुतलं, पाण्यात मोठा दगड ठेवला, सावलीसाठी अर्ध्या टबावर फळी टाकली. रोज सकाळी अंगणात ऊन, आणि ही शेजारी मांजरावर लक्ष ठेवत बसलेली. चौथ्या दिवशी कासवानं मान लांब करून तिच्या हातातलं मेथीचं पान ओढलं...

वहिनी हरखल्या. "बघा वन्सं, हिच्याच हातानं खाल्लं! लई चांगल्या पायगुणाची हाय माझी सून!"

माझं टाळकं परत सरकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अश्विनीच म्हणाली, "आई, कालपर्यंत माझ्या पायानं उपाशी, आज माझ्या पायानं जेवलं... उन्हानं जेवलंय ते! उद्या आभाळ आलं तर परत माहेरी धाडता का मला?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "न्हाई गं माय. चुकलं माझं."

कासवाचं मी तिला शिकवलं, खरंय. पण घरातल्या मोठ्यांसमोर असं एक वाक्य बोलायला मला केस पांढरे व्हावे लागले होते... पोरी, तुझे आभार.