तिच्या मापाचा हात

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून एका लोखंडी हाताच्या बोटांवर सायकलची ट्यूब चढवली. नवराबायकोनं बरोबर बसून केलेलं शेवटचं काम तेच. दुसरे लोक सांगतात, शेवटचा चहा घेतला, शेवटचं देवाला जाऊन आलो. आमचं असं.

मी फिटर माणूस. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकलो ते नगरच्या लष्करी वर्कशॉपात, शिव्या खात खात. मग गावाबाहेर, नव्या कारखान्यांच्या वसाहतीजवळ, पत्र्याची शेड टाकली. एक लेथ, एक ड्रिल, एक व्हाइस. मागच्या खोलीत संसार. बाजारात जो भाग मिळत नाही तो बनवून द्यायचा, हा धंदा. कुणाच्या यंत्राच्या चाकाचा दात तुटायचा, कुणाला वेगळ्याच मापाचा बुश लागायचा. एकच नग करायचा म्हटलं की मोठे कारखानेवाले तोंड फिरवतात. आम्हाला ते परवडत नव्हतं.

दुष्काळ पडलेला. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, रेशनवर तांबडा मिलो, परदेशातली ज्वारी, मिळायचा नि पाणी टँकरनं यायचं. अशात पुण्याहून एका औषधाच्या कारखान्यातले साहेब आले. भरलेली काचेची बाटली यंत्रानं आपोआप उचलायची नि खोक्यात ठेवायची, मध्ये माणूस नको, असं त्यांचं चाललं होतं. बाकीचं यंत्र जमलं होतं, हात जमत नव्हता. बोटं ढिली ठेवली की बाटली निसटायची, आवळली की फुटायची. त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणं मी एक करून पाहिला. त्यानंही फोडल्या.

बायको दारात बसून मिलो निवडत होती. म्हणाली, "बाटली अशी धरत्यात व्हय? कुनी शिकवलं तुमाला?"

"मंग तू धरून दाव."

तिनं धरली. मी बघत राहिलो. तीन बोटं एकसारखी टेकत नव्हती. मधलं जरा वाकडं, लहानपणी रहाटाच्या दोरात सापडलेलं, त्यामुळं त्याच्या नि पहिल्या बोटाच्या मध्ये फट जास्त. अंगठा खालून, तिरका. करंगळी लागतच नव्हती. मी कॅलिपर घेतला नि तिच्या बोटांची मापं काढायला बसलो. पेर न् पेर मोजलं. तिला गुदगुल्या व्हायच्या, हात हलवायची, की माप पुन्हा पहिल्यापासून.

तर तो हात तिच्या मापानं केला. तीन बोटं, एक अंगठा. सायकलच्या ब्रेकची तार ओढली की मिटायचा, सोडली की आतल्या स्प्रिंगनं उघडायचा. काच सरकू नये म्हणून त्या रविवारी बोटांच्या टोकांवर ट्यूब चढवत होतो. ती कात्रीनं कापायची, मी ताणून बसवायचो, ती दोऱ्यानं बांधायची.

"गार हाय वो ह्यो," ती म्हणाली.

"लोखंड हाय. तुझ्यागत बडबड करत न्हाई, येवढाच फरक."

"मंग ठेवून घ्या त्यालाच. भाकरी थापून घालंल तुमाला."

"उद्या पुण्याला चाललाय त्यो. साहेब येनार हायती न्यायला."

झाल्यावर पाणी भरलेली बाटली ठेवली नि मी तार ओढली. हातानं ती उचलली. आवाज नाही, थेंब सांडला नाही. मला आनंद झाला. ती मात्र हसली नाही.

"माजाच हात तोडून दुसऱ्या कुनाला लावल्यागत दिसतंय," म्हणाली. "झाका त्यो."

शेडमध्ये धूळ फार, म्हणून मी हात आतल्या खोलीत नेला नि फळीवर वेताच्या पाट्यांशेजारी ठेवून दिला. तेवढ्यात टँकर वाजला. ती हंडा घेऊन गेली. भरून आणला, खाली ठेवला, उंबऱ्यात बसली.

"अंधारल्यागत झालं का वो?"

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. मी म्हणालो, कुठं अंधारलंय. बघतो तर तिनं चौकटीला डोकं टेकलं होतं. उचलून आत आणली, खोलीत निजवली, डॉक्टरला आणायला माणूस पाठवला. डॉक्टर आले तेव्हा करायचं काही उरलं नव्हतं. हृदय, म्हणाले. जायचं वय नव्हतं तिचं. पोरबाळ नव्हतं आम्हाला. फोटो कधी काढला नव्हता. नगरात फोटो काढणारे होते, आम्ही गेलो नाही, इतकंच.

थोरला भाऊ नि वहिनी नगरातच राहायचे. ते आले, शेजारपाजार जमला, नि दिवस बुडायच्या आत तिला अग्नी देऊन आम्ही परत आलो.

आलो तर खोली ओळखू येईना. वहिनीनं सगळी भांडी, कळशा, सुपली, लाटणं, होतं नव्हतं ते उचलून वर फळीवर चढवलं होतं. जमीन मोकळी. जिथं तिला निजवलं होतं तिथं मिलोचं पीठ पसरलेलं, त्यात दिवा, नि त्यावर पाटी पालथी. ही रीत आमच्याकडं आहेच. सकाळी पाटी उचलायची नि पिठात माग उठला का बघायचा. ज्याचा माग, त्या जन्माला माणूस गेलं.

"भांडी कशाला चढवली, वैनी?"

वहिनी पाथर्डीकडची. तिच्या माहेरचं शास्त्र आमच्यापेक्षा कडक. "जित्त्या जिवाचा माग उठला तर ती सुटली, भावजी. घरातल्या वस्तूचा उठला तर जीव त्या वस्तूत अडाकला म्हनायचं. आमच्यात एक म्हातारी मुसळात अडाकलेली. त्या घरात कुनाच्यानं कांडवलं न्हाई मंग."

दुसरी वेळ असती तर मी हसलो असतो. त्या संध्याकाळी मी नुसता पाटीकडं बघत होतो. वेताच्या फटींतून दिव्याचा उजेड भिंतीवर पडला होता. दिवा हलला की भिंतीवरचं सगळं जाळं हलायचं, नि त्या जाळ्यात फळीवरच्या लोखंडी हाताची सावली मोठी होऊन छतापर्यंत जायची. बोटं उघडलेली. मी उठून शेडमध्ये गेलो नि तिथंच पडलो.

सकाळी वहिनीनं हाक मारली. शेजारच्या दोन बायका आल्या होत्या. दिवा विझला होता. वहिनीनं हात जोडले नि पाटी उचलली.

पिठात माग होता. पुढं तीन, मागं एक.

"पाखरू," वहिनी म्हणाली नि खालीच बसली. कालपासून तिच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता, तो आता आला. "सुटली गं बाई. पाखराच्या जन्माला गेली."

"कावळा हाय का?" एकीनं विचारलं.

"कावळा का म्हनून? साळुंकी आसंल," दुसरी म्हणाली.

"साळुंकीचा पाय येवढा आसतो व्हय?"

"तू गप गं. मोठी साळुंकी."

मी वाकून बघितलं. तीन टेकलेली ठिकाणं. पहिल्याच्या नि मधल्याच्या मध्ये फट जास्त. मागचं तिरकं. पाखराचं पाऊल मी पाहिलेलं आहे, पाखराला नख असतं. ही टोकं बोथट होती.

बायकांना काय वाटेल याचा विचार न करता मी शेडमधून कॅलिपर आणला. तिचं माप मला पाठ होतं. पहिल्या नि मधल्या बोटामधली फट घेतली. बरोबर तीच. मग मधल्या नि तिसऱ्यामधली घ्यायला गेलो तर कॅलिपरचा पाय पिठाला लागला, कड ढासळली, तिच्याबरोबर शेजारची ढासळली. मिलोचं पीठ भरड, धरून राहत नाही. बघता बघता चारी खळगे एक झाले.

"भावजी," वहिनी ओरडली नाही, हळूच म्हणाली, "ते काय लोखंड हाय का मापायला?"

खरं होतं. आयुष्यभर माप घेत आलो, माप घेतल्यानं वस्तू कधी मोडली नव्हती. आता एकच फट हातात होती नि एका फटीवरून कुणी जॉब पास करत नाही. पाखरू होतं का हात होता, हे पुन्हा कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मी फळीपाशी गेलो. हात होता तिथंच होता. ट्यूबच्या टोकांना तांबडं पीठ लागलेलं.

"वैनी, ह्याला हात कुनी लावला?"

"मी कशाला लावू?" मग थांबून म्हणाली, "पाटी तिथूनच काढली की. पिठाचे हात हुते माजे. लागला आसंल. माजं ध्यान कुठं हुतं."

असेल. नसेलही. वहिनीच्या मनानं ती सुटली होती. माझ्या मनात मुसळातली म्हातारी आली. हा हात पुण्याला जाणार, यंत्राच्या फिरत्या पट्ट्याशेजारी बसणार, रात्रंदिवस बाटल्या उचलणार. ती त्यात असली, तर मी तिला कुठं धाडत होतो?

तेवढ्यात साहेबांची जीप आली. दारातली गर्दी बघून ते चपला काढून आत आले.

"काय झालं?"

"बायको वारली काल."

ते दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "मी जातो परत. हाताचं नंतर बघू. महिन्यानं या म्हणालात तरी येईन. नाही म्हणालात तरी चालेल."

भला माणूस. घाई केली असती तर बरं झालं असतं. घाईत मी देऊन टाकला असता, नाही तर भांडून ठेवून घेतला असता. आता ते माझ्यावर आलं. वहिनी कानाशी म्हणाली, सुतकात घरातली वस्तू बाहेर देऊ नये.

"थांबा जरा," मी साहेबांना म्हणालो. हात उचलला नि शेडमध्ये गेलो, दार ओढून घेतलं.

फिटरला एकच शास्त्र ठाऊक. भाग बरा का वाईट हे विचारून कळत नाही, चालवून कळतं. हात व्हाइसमध्ये बांधला. त्याच्या बोटांमध्ये माझा डावा हात ठेवला नि उजव्यानं तार ओढली.

धरला. बाटली धरायचा तसाच धरला, दुखलं नाही. वाकडं मधलं बोट माझ्या नाडीवर टेकलं. ट्यूब गार नव्हती. पत्र्यावर ऊन आलं होतं, म्हणून गार नसेल. आत वहिनी रडत होती ते ऐकू येत होतं. तार सोडायला माझा हात होईना. ती त्यात अडकली असली तर हात मला सोडणार नाही, एवढंच डोक्यात होतं. नि सोडलं नाही तर बरं, असंही कुठंतरी होतं.

सोडली.

तिन्ही बोटं लगेच उघडली. अंगठा राहिला. माझ्या तळव्याखाली तसाच राहिला. मी हललो नाही. मग तोही सुटला, सावकाश.

अंगठा का अडकतो ते मला चांगलं माहीत आहे. पिनेला कणी लागली, नाही तर धूळ बसली. काल चारी बरोबर सुटत होती, पण एका दिवसात धूळ बसते. तेलाचा एक थेंब पुरतो. तेलाची डबी व्हाइसशेजारीच होती.

मी तिला हात लावला नाही. व्हाइस ढिला केला, ट्यूबवरचं पीठ न पुसता हात कापडात गुंडाळला नि बाहेर येऊन साहेबांच्या पुढं धरला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"काही सांगायचं आहे का याच्याबद्दल?"

"अंगठा जरा उशिरा सुटतो," मी म्हणालो. "त्यो तसाच राहू द्या."