पाणी बंद
दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला की मला कलबुर्गीतली ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. माझ्या अक्काला लहानपणापासून न भागणारी तहान होती. मन्नाएखेळ्ळीहून बसनं निघालो तेव्हाही तिच्या मांडीवर पाण्याचा कॅन होता. दवाखान्यात मात्र तपासणीसाठी तिचं पाणी सकाळपासून बंद ठेवलं. पंखा गरम वारा फेकत होता, तिचे ओठ तडकले होते, तरी लघवी थांबत नव्हती. "जीव जायलाय गं आई, एक घोट दे की," ती म्हणत राहिली आणि आई ओल्या पदरानं तिचे ओठ पुसत राहिली. अखेर डॉक्टरांनी तपासणी थांबवून तिला पाणी दिलं. ते म्हणाले, "रक्तात मीठ वाढलं की मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून पाणी राखणारं संप्रेरक सुटतं. हिच्यात ते बनवणाऱ्या जनुकातच दोष दिसतोय, म्हणून पाणी अंगात न टिकता लघवीतून जातं. घरात आणखी कुणाला अशी तहान होती?"  आई म्हणाली, "हिच्या वडलांना, अप्पांना. त्यांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, तवा पाणी देऊ नका म्हणले. हात जोडून मागायलते ओ ते. मी दिलं न्हाई. बेशुद्ध झाले, ते उठलेच न्हाईत." डॉक्टरांनी मान खाली घातली. अक्का घटाघटा पीत होती आणि आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. अक्काला आता औषधानं बरं आहे. आई मात्र अजून रोज रात्री तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते.