मानाची धार

गाव सोडलं त्या दिवशी फाट्यावर एसटीच्या आधी यांचे दोन सोबती येऊन बसले होते. यांचे म्हणजे माझ्या मालकांचे. तोंडं गोड आणि धोतराच्या सोग्यात बाटली. "चाललायस तर निरोपाचा एक घोट घे की रं," असं त्यांचं चाललेलं, आणि मालक वळकटी दोन्ही हातांनी आवळून उभे होते. दारू नुकतीच सोडली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोचवायला आल्या होत्या. गाडी थांबली तशी त्यांनी लेकाला आत ढकललं आणि खिडकीशी येऊन मला म्हणाल्या, "मी मेले तरी माझ्या मातीला बी आनू नगं याला." जन्मदात्या आईच्या तोंडून असं निघावं! बोलून झाल्यावर त्यांनी डोळ्याला पदर लावला.

संगमनेरला आम्हाला चाळीत एक खोली मिळाली. मागे मोरी, मोरीत नळ. मालक लाकडाच्या वखारीत लागले आणि मी शेजारणीकडून विड्या वळायला शिकले. पारनेरकडच्या आमच्या कोरड्या गावात माझ्या तोंडी खुरपणी, कडबा, शेण. इथं हजेरी, सुट्टी, नापास विडी. नवे शब्द लवकर आले, झोप मात्र येईना. माझी आई म्हणायची, "दारू सुटलेला नवरा म्हंजी तव्यावरची भाकर. नजर हटली की करपली." मी ते मनावर घेतलं. संध्याकाळी ते दारात आले की जेवणाचा डबा घ्यायला म्हणून पुढे व्हायचं आणि नाक त्यांच्या तोंडाजवळ न्यायचं. वास नाही म्हटल्यावर मगच चुलीकडे वळायचं. त्यांना कळत नाही, असं मला वाटायचं.

मग तो मोठा दुष्काळ पडला, आणि थोरल्या दिरांचा सांगावा आला. आमच्या घराकडे म्हसोबाचा मान. जत्रेला देवाच्या शेंदरी दगडावर दारूची धार सोडायची आणि बाटलीत उरेल त्यातला पहिला घोट मानकऱ्यानं घ्यायचा. त्याशिवाय बाकीच्यांना प्रसाद नाही. एक साल थोरल्याचं, एक साल धाकट्याचं. त्या साली पाळी आमची. पाळी चुकली तर पाऊस पडायचा नाही आणि सगळं गाव तुमच्या नावानं खडे फोडील, असा निरोप होता. मी म्हटलं, फोडू देत. मालक म्हणाले, "देवाला भ्यालो तर परवडंल. बाटलीला भ्यालो म्हनून गेलो न्हाई, असं नगं." मीही बरोबर निघाले.

माळावर गाव जमलं होतं. माणसांचे चेहरे उन्हानं आणि काळजीनं काळवंडलेले. आम्ही बायका मागे, आत्याबाईंच्या शेजारी. मालकांनी बाटलीचं बूच काढलं तेव्हा मी आत्याबाईंचा हात धरला. धार सुरू झाली. नेहमी अर्ध्यावर हात थांबतो. यांचा थांबेना. शेवटचा थेंब दगडावर पडला तरी बाटली पालथीच.

"येडा झाला का?" थोरले दीर ओरडले. "परसाद कुठाय?"

"दुष्काळ हाय, दादा. देवाला तरी अर्ध्या पोटी कशाला ठिवायचं? पिऊ दे समदी."

कुणीतरी फिसकन हसलं. दिरांना मात्र हसू आलं नाही. देवावरचा धाक म्हणा, गावापुढची लाज म्हणा, त्यांनी दगडावरून निथळणारी दारू ओंजळीत धरली आणि भावाच्या तोंडाशी नेली. यांनी त्यांची मनगटं पकडली. झटापट झाली, माणसं मधे पडली आणि मला पाठींशिवाय काही दिसेना. माझ्या शेजारून आत्याबाई किंचाळल्या, "सोड त्याला! माझं पोरगं एकदा माघारी आलंय, आता कुनाला देयाची न्हाई मी, देवाला बी न्हाई!" गर्दी फाकली. मालक उभे होते. सदरा भिजलेला, हनुवटी ओली, हातांना भपकारा.

हात धुवायला गावात पाणी नव्हतं. टँकर यायचा होता. आत्याबाईंनी घरातला तळाला गेलेला तांब्या आणला, तर हे म्हणाले, "प्यायचं पानी हाताला कशाला?" आणि माती घेऊन हात चोळले. तेवढ्यानं कुठं वास जातोय?

आळेफाट्याला गाडी बदलली. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं आमच्याकडे बघून नाकाला पदर लावला. मालक तळवे वर करून मांडीवर ठेवून बसले होते. ती ओली हनुवटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ओठाला लागली का? आत गेली का? गेली असली तर उद्या काय? घारगाव मागे पडलं. तेव्हा खिडकीबाहेर बघतच ते बोलले, "आज हुंगून काय कळायचं न्हाई तुला."

म्हणजे सगळं ठाऊक होतं तर. रोजचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही आला. मी काय हौसेनं हुंगत होते?

घरी आल्याबरोबर ते मोरीत उकिडवे बसले. मी नळ सोडला. पाणी आलं. साबण दिला, मग चुलीतली राख दिली, तांब्यानं पाणी ओतत राहिले. दुष्काळात इतकं पाणी सांडल्याचं पाप लागायचं असेल तर लागो. त्यांनी एकदाच वर पाहिलं. "इचार की," म्हणाले.

मी म्हटलं, "कोपरापर्यंत धुवा."

नाही विचारलं. आजवर नाही. पुढच्या जत्रांना आम्ही नारळ पाठवला. थोरले दीर बरीच वर्षं बोलत नव्हते. आत्याबाई मात्र शेवटी आमच्याकडेच येऊन राहिल्या आणि आमच्याच खोलीत गेल्या. मातीला लेक होता.

गाव कुठलं, असं कुणी विचारलं की तोंडात अजून पारनेर तालुकाच येतो. तिथल्या माणसांनो, तुमच्यावर राग नाही. पण संध्याकाळी दाराची कडी वाजते तेव्हा मी चुलीपुढून उठत नाही. पाठ दाराकडे असते, भाकरी तव्यावर असते. ते आपला डबा आपणच मोरीत ठेवतात आणि मला नळाचा आवाज ऐकू येतो. माझं घर तेवढंच.