ह्यांना विचारून सांगते

हे गेल्यावर भाताची गिरणी माझ्याकडे आली. कर्जतहून पळसदरीला जाताना रस्त्यालगत आहे ती. मी आयुष्यभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. गिरणीत जायची ती घरचे तांदूळ आणायला. आता आजूबाजूची भाताची खाचरं विकली जाऊन त्यांना कुंपणं पडत होती आणि भरडायला येणारं भात वर्षागणिक कमी होत होतं. भिसेगावातल्या एका व्यापाऱ्याला सिमेंट ठेवायला ती जागा भाड्याने हवी होती. गिरणी चालवायची की जागा द्यायची, एवढाच प्रश्न. तो घेऊन मी अख्खा पावसाळा काढला.

व्यापाऱ्याचा फोन आला की मी म्हणायची, "ह्यांना विचारून सांगते." लग्नापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघायचं. एकदा मात्र मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. तो ह्यांच्या दहाव्याला नदीवर आला होता. हळूच म्हणाला, "विचारा, वहिनी. सावकाश विचारा."

गिरणीत कामाला असलेली ठाकूरवाडीची मावशी समोर तांदूळ पाखडत होती, ती हसायला लागली.

"काय झालं, मावशी?"

"शेठ बी असंच म्हनायचं. कोन काय मागाया आला का, 'घरी इचारून सांगतो.'"

"मला? मला तर त्यांनी गिरणीतलं कधी अक्षर विचारलं नाही."

"ते आमाला ठावं हाय! गाडी काढायचं नि धरणावर जाऊन बसायचं. मंग दोन दिसांनी सांगायचं, घरून नाय म्हनत्यात."

"म्हणजे सगळे नकार माझ्या नावावर?"

"तर! लोक म्हनत, शेठीण लई कडक हाय."

कितीतरी महिन्यांनी मी मोठ्याने हसले. मावशीही हसली, पण मग तिने सूप खाली ठेवलं. "पर बाई, तुमी काय ते लवकर ठरवा. वीटभट्टीचा मुकादम वाडीवर आलाय. लेकानं नि सुनेनं उचल घेतली का नातीला घेऊन भट्टीवर जानार. मंग तिची शाळा ऱ्हायली. सून हितं कामाला यील वं, पर हितं काम ऱ्हानार का नाय, ते कुनी सांगंना."

ते मीच सांगायचं होतं.

मला वाटायचं, ह्यांना उत्तरं तयार सुचत. म्हणून पावसाळाभर मी एकच विचार करत राहिले, हे असते तर त्यांनी काय केलं असतं? आता कळलं, त्यांनाही लगेच सुचत नसे. माझ्या नावावर ते दोन दिवस मागून घेत आणि मग स्वतःचं स्वतः ठरवत. मी त्यातलं मागून घेणं तेवढं उचललं होतं.

त्या दुपारी बंद यंत्रापाशी बसले. ज्यांनी जमिनी राखल्या होत्या, त्यांनी त्या खायच्या भातासाठी राखल्या होत्या, आणि ते भात कुठेतरी भरडावं लागणारच. तेवढ्याला हे जुनं धूड नको, लहान यंत्र पुरे. मग अर्धी शेड मोकळी होते, ती व्यापाऱ्याला देता येते. भरडायला भात येतं ते दिवाळी ते होळी; होळीनंतर काय, ते मात्र काही केल्या दिसेना. तेही कळल्यावरच बोलायचं, म्हणून मी इतके दिवस गप्प होते.

संध्याकाळी गिरणीतल्या कामाच्या बायका निघायच्या आधी सांगून टाकलं, "गिरणी चालू राहील. दिवाळीपासून होळीपर्यंत सगळ्यांना काम आहे, मावशीच्या सुनेलाही. त्यापुढचं मला आज माहीत नाही. कळेल त्या दिवशी सांगेन."

बायकांचे चेहरे पडतील असं वाटलं होतं. मावशी उलट मलाच रागावली. "मंग येवढं तरी आदी सांगायचं व्हतं! होळीपातूर काम हाय म्हनल्यावर मुकादमाची उचल कोन घेतंय?"

व्यापाऱ्याने कुरकुरत का होईना, अर्धी शेड घेतली. मुकादम मावशीच्या घरून तसाच परत गेला आणि नात शाळेत जाते आहे. होळीनंतरचं मला अजून कळलेलं नाही, पण झोप चांगली लागते. सून नव्या लहान यंत्रापाशी पोती लावते. जुनं यंत्र सुरू झालं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. ह्या नव्याचा आवाज फारच कमी. मावशीची त्यावरही तक्रार आहे.

"काय बोलायची सोय ऱ्हायली नाय, बाई. सून समदं ऐकती."