जळोचीपलीकडचा उजेड

साळवे मॅडमचा नकाशावर कधीच विश्वास बसायचा नाही. टाळेबंदीनंतर बारामती आणि इंदापूर कितपत सावरलं, हे उपग्रहानं रात्री टिपलेल्या उजेडावरून मोजायचं काम आमच्या भूगोल विभागाकडे आलं होतं. पडद्यावर कुठला ठिपका वाढलेला दिसला, की मॅडम दुसऱ्या दिवशी एसटी पकडून तिथं हजर. त्या उपग्रहाचीही उलटतपासणी घेतात, अशी आम्ही चेष्टा करायचो. "वरनं नुसता दिवा दिसतो," त्या म्हणायच्या. "त्याच्याखाली कोण हाय, ते खाली गेल्याबिगर कळत न्हाय." वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, आमच्यात बसल्या की थेट त्यांच्या पिंपळी गावची.

एकदा मात्र त्या गेल्या नाहीत. जळोचीपलीकडे लहान कारखान्यांचा पट्टा आहे. तिथला उजेड टाळेबंदीच्या आधीपेक्षाही वाढलेला दिसत होता. मॅडमच्या थोरल्या भावाचं, मधुकरदादाचं, लेथचं शेड तिथंच होतं. वडील गेल्यावर यानंच त्यांना शिकवलेलं. फोनवर तो नेहमी "चाललंय की" म्हणायचा. आपल्याच घरचं जाऊन काय बघायचं, म्हणून मॅडमनी तो पट्टा 'सावरला' या रकान्यात घातला आणि विभागात पेढे वाटले. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अहवाल पुण्याच्या सरकारी कार्यालयात पोचला आणि त्या पट्ट्याला टाळेबंदीपासून मिळणारी वीजबिलातली सवलत बंद झाली. पुढे वहिनी आजारी म्हणून मॅडम तिकडे गेल्या, तर शेडमागून शेडला कुलूप. काम चालू होतं तेव्हा उजेड पत्र्याखाली असायचा. धंदे बसले, मोटारी आणि तांब्याच्या तारा चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा मालकांनी बाहेर मोठे हॅलोजन लावले. आम्ही मोजला तो कुलपांवरचा उजेड.

सवलतीच्या भरवशावर मधुकरदादा लेथ पुन्हा फिरवणार होता. मॅडम पोचल्या तेव्हा ते लेथ भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होतं. आधी का बोलला नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"तुला काय सांगायचं, तायडे? काळजी करत बसली असतीस."

त्या मायेचा मला आजही राग येतो.

दुरुस्तीचा अर्ज घेऊन मॅडम कार्यालयात खेपा घालत राहिल्या. साहेबांनी चहा पाजला, अहवालाची तारीफ केली आणि आता ते प्रकरण मिटलं म्हणून सांगितलं. त्यानंतर मॅडम कामापुरतंच बोलायच्या. चेष्टा करायची आमचीही हिंमत होईना.

गेल्या वर्षी त्या हृदयविकारानं गेल्या. पुण्यानुमोदनाला मधुकरदादा खाकी कपड्यांतच आला. त्याच पट्ट्यात तो आता बंद शेडची राखण करतो. बहिणीच्या फोटोसमोर मान खाली घालून बसला होता. कुणी प्राध्यापक तिच्या संशोधनाबद्दल भरभरून बोलत होते. दिवस कलला तसा दादा भाषण चालू असतानाच उठला आणि माझ्यापाशी वाकला.

"जातो मी. तिकडं दिवं लावायला पायजेत."