मागे न पाहणारा मेंढपाळ

"मागं कावून बघायचं? हायेत की ती."

कळपापुढे चालताना तो कधी वळून पाहायचा नाही. मानेमागे आडवी काठी, तिच्यावर टाकलेले दोन्ही हात, अधूनमधून एक लांब हाळी, आणि मागे मेंढरं. तुम्हीही अशा कळपामागे अडकून हॉर्न वाजवला असेल. त्याला तो ऐकू यायचा. वळायचा मात्र नाही.

धर्मापुरीकडच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. पावसाचा भरवसा उरला नाही, तेव्हा गावानं गायरानात झाडं लावून चराई बंद केली. निर्णय चांगलाच होता. पण तळं गायरानापलीकडे, आणि सभा भरली तेव्हा मेंढपाळ दरवर्षीसारखे कळप घेऊन गेवराईकडे गोदाकाठी गेलेले. त्यांच्या बाजूनं बोलायला सभेत कुणीच नव्हतं.

परतल्यावर याला पाण्याकडे जायची वाटच उरली नाही. शेतांतून जावं तर भांडणं. मग हा रोज ग्रामपंचायतीच्या पायरीवर येऊन बसू लागला.

"भाऊसाहेब, झाडं लावा की. आमी कुटं न्हाई म्हनतो? मेंढरापुरती वाट सोडा."

"त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो."

"मग पावसाळ्यात ठिवा सभा. तवा आमी गावातच असताव."

सभा पावसाळ्यात ठेवली, तर हा पठ्ठ्या एडका घेऊनच हजर! "याचंबी ऐका जरा," म्हणाला. एडक्यानं टेबलावरचा सत्काराचा हार खाऊन टाकला. ज्यांचा सत्कार होता तेसुद्धा हसले. त्या हसण्यातच ठराव झाला, की गायरानातून तळ्यापर्यंत मेंढरांसाठी वाट सोडायची.

वाट कागदावर आली, जमिनीवर येईना. मंजुरीसाठी तालुक्याला गेलेली फाइल तिथंच मुरत पडली. मी हेलपाटे घालून थकलो. हा दुरून पाणी आणून मेंढरं जगवत राहिला.

मग ऐन उन्हाळ्यात गारपीट झाली. कळप उघड्या माळावर होता. कोकरं जागेवर गेली, मोठी आजारी पडून मेली. उरलेली त्यानं विकून टाकली. मी भेटायला गेलो.

"त्या दिशी मागं बघितलं, भाऊसाहेब," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तालुक्याला गेलो.

पुढच्या पावसाळ्यात वाट झाली. आता तो अंबाजोगाईला लेकीकडे असतो; तिकडे जाण्याआधी ती नवी वाट बघायला आला होता. कुणीतरी म्हणालं, "तुमच्यामुळं झाली, बाबा. पयले तुमीच चाला."

त्यानं काठी मानेमागे घेतली, हाळी दिली आणि चालू लागला. एकदाही वळला नाही. तळ्याशी पोचल्यावर मेंढरांना जागा द्यावी तसा बाजूला सरला. कळपाचं पाणी पिऊन व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिथंच उभा राहिला.